बोरूच्या ढलप्या

"मग सही करू ना, उस्ताद?"

तन्वीर नदाफनं पुन्हा विचारलं. कॅनव्हास भिंतीला टेकवलेला होता. तो आत आणताना दाराची एक फळी निखळली होती. महान कलेला अशा किरकोळ गोष्टींची फिकीर नसते. काळ्याशार रंगातून अल्लाहच्या नावाचा सोनेरी 'हू' वर उठत होता आणि वरच्या कडेला उजेडात विरून जात होता.

खालचा कोपरा तेवढा मोकळा होता.

गुरूनं इजाजत दिल्याशिवाय अक्षराखाली नाव घालायचं नाही, ही सुलेखनाच्या विद्येतली जुनी रीत. तन्वीरनं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं, रीत सोडली नव्हती. उद्या मुंबईत प्रदर्शन होतं आणि बिनसहीचं चित्र तिथं कोणी टांगणार नव्हतं. इजाजत घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच तो कागजीपुऱ्यातल्या उस्तादांच्या चटईवर बसला होता.

उस्ताद सनाउल्ला चष्मा पुसत होते.

"चित्राचं नाव काय?"

"फना. माणसाचं मीपण अल्लाहच्या नावात विरघळतं, ती अवस्था."

"तुझं विरघळलं?"

"पूर्ण. माहितीपत्रकात तसं छापलंय."

"मग सही कोण करणार?"

"गॅलरीला लागते," तन्वीर म्हणाला.

उस्ताद चित्राजवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले.

"चांगलं आहे. खरंच चांगलं आहे."

तन्वीरची मान ताठ झाली. उस्तादांनी कोनाड्यातून बिस्किटाचा जुना डबा काढला. आत बोरू तासताना पडलेल्या ढलप्या काठोकाठ भरल्या होत्या.

"चुलीत घालायला?" तन्वीरनं विचारलं.

"हो. आम्हा लिहिणाऱ्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी यावर तापवतात. जन्मभर जेवढं लिहिलं, तेवढंच सरपण. माझं कोमट होईल, असा अंदाज आहे. थंडीत गेलो तर पंचाईत."

तन्वीर हसला. उस्ताद हसले नाहीत.

"तुझा डबा कुठंय?"

"ब्रश तासावा लागत नाही, उस्ताद."

उस्तादांनी एक रिकामा डबा पुढे सरकवला. सोबत चाकू आणि बोरूंची जुडी.

"इजाजत दिली. सही मात्र बोरूनं कर. आणि बोरू तू तास."

पहिला बोरू उभा चिरला. दुसऱ्याचं टोक वाकडं आलं. बाहेर चित्र न्यायला थांबलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. तन्वीर खाली मान घालून तासत राहिला. अखेर एक बोरू जमला. त्यानं तो शाईत बुडवला आणि कागदावर आपलं नाव लिहून पाहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

मग कागदाकडे पाहिलं. मग त्या मोकळ्या कोपऱ्याकडे.

"साहेब, निघायचं ना?" टेम्पोवाला दारात आला. "रात्रीत मुंबई गाठायचीय."

"कॅनव्हास माझ्या घरी सोड," तन्वीर म्हणाला. "मुंबई राहिली."

"अहो, पण..."

"सोड म्हटलं ना. आणि दाराची फळी सांभाळून."

टेम्पो गेला. तन्वीरनं बाह्या दुमडल्या आणि नवा बोरू उचलला.

"किती दिवस लागतील, उस्ताद?"

उस्तादांनी त्याच्या डब्यात डोकावून पाहिलं. तळाशी चिमूटभर ढलप्या होत्या.

"पाणी अजून गार आहे, बेटा."