डोहात पडलेला दगड

फार जुन्या काळी, नद्यांना अजून कुणी बांध घातले नव्हते तेव्हा, डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावाखाली खोल डोह होता. गळ टाकून मासे धरण्यावर गावातल्या लहानथोरांचा जीव होता.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळा सरून पाणी नितळले की प्रत्येकाने नदीतून एक दगड उचलायचा आणि वर्षभराचा आपला नेम सगळ्यांसमोर बोलायचा. नेम पुरा झाला की पुढच्या पावसाळ्याआधी, ठरल्या दिवशी, दगड डोहात परत टाकायचा. नाही झाला तर दगड घराच्या उंबऱ्याशी पडून राही.

एकदा गावातल्या एका माणसाने हातभर लांबीची मरळ धरली. लोकांनी ती वडाला टांगली आणि तिच्या लांबीएवढी खूण बुंध्यावर कोरली. त्या दिवसापासून जो तो एकच नेम बोलू लागला : वडावरच्या खुणेपेक्षा मोठा मासा धरीन. एकाने मोठा दगड उचलला की दुसरा त्याहून मोठा उचली. पण तसा मासा काही कुणाला मिळेना. उंबऱ्यांशी दगडांचे ढीग झाले. लोक धोतर सावरत, ठेचकाळत आपल्याच घरात शिरू लागले. गळ टाकताना कुणी हसेनासे झाले, आणि डोहात दगड पडल्याचा आवाज तर गाव विसरूनच गेले.

मरळ धरणारा तो माणूस पुढे वारला. मागे एक तरुण मुलगी राहिली. डोहाकाठची बापाची बसायची शिळा तिच्याकडे आली. पण वारसाने तीन वर्षांत एक तरी नेम पुरा करावा, नाहीतर शिळा भाऊबंदाकडे जावी, असा गावचा दंडक होता. बापाच्या खुणेशी झगडता झगडता मुलीची दोन वर्षे वाया गेली होती. आता शेवटचे वर्ष उरले होते. गळ हातात घेणेही तिला नकोसे झाले होते.

दगड उचलायच्या आदल्या दिवशी ती आत्याला म्हणाली, की एवढे वर्ष झाले की गळ आढ्याला टांगून टाकते.

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करताच विचारले, "लहानपणी नदीवर तुला काय आवडायचं गं?"

मुलीने आठवून पाहिले. बाप दोरीचे टोक तिच्या बोटाला बांधी. पाण्याखालून मासा ओढी आणि बोटाला हिसका बसे. तो हिसका तिला आवडायचा.

"आणि ज्या वर्षी दादाला ती मरळ मिळाली, त्या वर्षी त्याचा नेम काय होता, माहीत आहे?" आत्या म्हणाली. "पोरीला गळ बांधायला शिकवीन. एवढाच. मरळ आपली वाटेत भेटली."



दुसऱ्या दिवशी तिने मुठीत मावेल एवढा गोटा उचलला आणि नेम बोलली, "माझ्या हातांनी वळलेल्या दोरीवर मी एक मासा धरीन."

काठावर हशा पिकला. शिळेवर पुढचा हक्क असलेला तिचा चुलता म्हणाला, "अगं, दगड उचलायला सांगितलं होतं, सुपारी नव्हे." तो मनाचा वाईट नव्हता, पण त्याच्या उंबऱ्याचा ढीग गावात सगळ्यांत उंच होता, आणि अशा माणसाला दुसऱ्याचा लहान दगड पाहवत नाही.

मुलीने अंबाडी कापली, पाण्यात कुजवली, तिचा वाख, म्हणजे लांब धागे, काढला आणि मांडीवर दोरी वळू लागली. पहिल्या दोरीचा पीळ भिजताच सुटला. दुसरीला गाठी पडल्या. मांडी सोलून निघाली. पण दोरी वाळेपर्यंत ती शिळेवर बसून राही, आणि बसल्या बसल्या डोह तिला कळू लागला. खंड्या पक्षी कुठल्या फांदीवरून सूर मारतो, ऊन चढले की मासे कुठल्या कपारीत सरकतात, हे तिला दिसू लागले. घरी जाताना ती पुन्हा गुणगुणू लागली.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी तिची दोरी ताणली गेली. पाणी फुटले आणि एका अजस्र मरळीची पाठ दिसली, वडावरच्या खुणेहून खासच मोठी. क्षणभरात दोरी तुटली.

शेजारच्या शिळेवरून चुलत्याने हे पाहिले. तो उठून आला आणि त्याने आपली रेशमाची दोरी तिच्यापुढे धरली. "घे. उद्या ती पुन्हा तिथेच येईल. खुणेहून मोठा मासा आणलास, तर सुपारीएवढ्या नेमाचं कोण विचारतंय? तुझ्या बापाची शिळा मला अशी नको, पोरी."

मुलीने दोरीला हात लावला. किती गुळगुळीत, किती बळकट होती ती. शिळा राहिली असती, खूणही मागे पडली असती. मग तिने हात काढून घेतला.

"काका, तो मासा तुमच्या दोरीचा होईल."

तुटलेले टोक घेऊन ती पुन्हा वळायला बसली.

दगड परतवायचा दिवस उजाडला. सगळे गाव काठावर जमले होते. मुलगी भल्या पहाटेपासून शिळेवर होती. ऊन पाण्यावर उतरले आणि तिच्या बोटाला हिसका बसला. तिने दोरी हळूहळू ओढली. टोकाला एक मासा तडफडत होता, वीतभरसुद्धा नसेल.

कुणीतरी फिसकन हसले. पण मुलगी ताठ उभी राहिली. दोरी तिची होती, पीळ तिचा होता, आणि मासा त्या दोरीवर होता. तिने तो सगळ्यांना दाखवला, पाण्यात सोडला, आणि मग मुठीतला गोटा डोहात टाकला.

डुबुक्.

म्हाताऱ्यांना तो आवाज ओळखीचा वाटला. लहानांनी तर तो जन्मात पहिल्यांदाच ऐकला. हसणारे थांबले, आणि ज्याला त्याला आपला उंबरा आठवला.

शिळा मुलीकडेच राहिली. पाणी पुन्हा नितळले तेव्हा चुलता गुडघाभर पाण्यात उतरला. मोठमोठे दगड त्याने पायाने बाजूला सारले आणि एक चपटा गोटा उचलला. "ही नदी जिथून निघते," तो जरा लाजत म्हणाला, "ती जागा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. यंदा चालत जाऊन पाहीन."

त्या वर्षी त्या डोहात इतके दगड पडले, की खंड्याला सूर मारायला जागा शोधावी लागली.

तात्पर्य : ध्येय आपल्या मुठीत मावेल आणि आपल्याला आवडेल असे धरावे, दुसऱ्याच्या खुणेने मोजलेला आनंद उंबऱ्याशी दगड होऊन पडतो.