आवडीची एकवीस गाठींची दोरी

एक होता राजा. पण त्याला बसू दे त्याच्या गादीवर, आपली गोष्ट त्याची नाही. आपली गोष्ट आवडीची. चला, कुशीवर वळा आणि पाठ माझ्याकडे करा. ही गोष्ट थोपटत थोपटतच सांगायची असते.

तर त्या राजाच्या राज्यात एक खाडी होती, आणि खाडीत होतं शिंपलबेट. बेटावरची माणसं समुद्रावर मासे धरायची. पण बेटावरून समुद्राकडे जायची वाट म्हणजे नुसते खडक, बरं का. एकवीस वळणं. सात वल्ही सरळ मारली की घोडखडक, तिथून डावीकडे तीन वल्ही, असं करत करत अकराव्या वळणावर सासूचा दात. हसू नका, खडकाचं नावच होतं तसं. परतताना तीच वाट उलटी. एरवी तांडेल डोळ्यांनी बघून होड्या आणायचे. पण माघात धुकं उतरलं की स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. मग होड्या खाडीच्या तोंडाशी अडकायच्या. मग दाजीबा गुरुजी छोट्या होडीत बसून, एकवीस वळणं तोंडपाठ म्हणत त्यांच्यापर्यंत जायचे आणि शंख फुंकत सगळ्यांना मागून घेऊन यायचे. बदकिणीमागे पिल्लं येतात ना, तशा होड्या यायच्या.

पण गुरुजी आता म्हातारे झाले होते. डोळ्यांत फूल पडलं होतं. म्हणून शाळेतल्या तीस पोरांना ते ही वाट शिकवायचे. बेटाची रीत अशी, की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, हाताची घडी घालायची, डोळे मिटायचे आणि एका सुरात म्हणायचं. काय तो आवाज! एकदा राजाची नाव खाडीतून चालली होती. राजानं नाव थांबवून सगळं ऐकलं आणि पोरांना खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. सगळे खूश.

खूश नव्हती ती एकटी आवडी. राघो तांडेलाची मुलगी, शेवटच्या रांगेत बसायची. ती नुसते ओठ हलवायची. तिच्या या कानातून शिरलेलं त्या कानातून निघून जायचं. तिला वाटायचं, अख्ख्या बेटात मठ्ठ अशी मी एकटीच.

मग एके दिवशी गुरुजी म्हणाले, आता एकेकानं म्हणा. पहिला पोरगा उठला, सहाव्या वळणावर अडला. दुसरी उठली, आठव्यावर शेजारणीकडे बघायला लागली. तिसरा तर घोडखडकावरच आपटला. तिसांतला एकही पलीकडे पोचला नाही. कळलं का काय झालं होतं? प्रत्येक जण शेजारच्याच्या आवाजाला धरून चालला होता, आणि शेजारचा त्याच्या शेजारच्याच्या. गुरुजी कुणाला रागावले नाहीत. शंख मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. आवडीनं त्यांना तसं बसलेलं पाहिलं. माघ तर तोंडावर आलेला. गुरुजींना जमलं नाही, तर बाबांना घरी कोण आणणार?

ती किनाऱ्यावर जाऊन रडत बसली. तेवढ्यात वाळूतून आवाज आला, बाई गं, माझ्या अंड्यांवर आधीच पुष्कळ खारं पाणी पडतं, तू आणखी कशाला घालतेस? बघते तर काय, परातीएवढी कासवीण. तीनशे वर्षांची, आणि जरा खवचटच. आवडीनं तिला सगळं सांगितलं. कासवीण म्हणाली, लाटांच्या तालावर म्हणून बघ. आवडीनं म्हटलं. सकाळी सगळं पुसलेलं. दुसऱ्या दिवशी कासवीण म्हणाली, वाळूत वाट काढ आणि बघत बस. आवडीनं शिंपले मांडून सुरेख वाट काढली. भरती आली, शिंपले गेले आणि डोक्यातली वाटही गेली.

तिसऱ्या दिवशी मात्र कासवीण काही सांगेना. तिनं उलट विचारलं, "एकदा आलं आणि परत कधी गेलं नाही, असं तुला काय येतं?"

आवडी म्हणाली, "फाटलं जाळं सांधता येतं."

"ते कुणी पाठ करून घेतलं?"

"कुणीच नाही. आजीला टेकून बसायची मी. तिची बोटं चालायची. मग माझीपण चालायला लागली."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" असं म्हणून कासवीण सरळ पाण्यात निघून गेली.

आवडी दोन्ही हातांकडे बघत बसली. मग उठली, घरी गेली आणि जाळ्याची एक दोरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं म्हणत होती आणि हिची बोटं ओढणीखाली चालली होती. डाव्या वळणाला एक तऱ्हेची गाठ, उजव्या वळणाला दुसरी. जितकी वल्ही तितकी बोटं अंतर. सासूच्या दाताला तर अशी टोचरी गाठ मारली, की बोट लागताच सांभाळून राहावं. चार दिवसांत एकवीस गाठी झाल्या. डोळे मिटून दोरी फिरवली की अख्खी वाट तिच्या बोटांत यायची. पण सांगायची तिला भीती वाटे. हाताची घडी मोडली म्हणून गुरुजी रागावले तर?

मग आलं धुकं. भर दुपारी आलं आणि बेट गिळून बसलं. बारा होड्या बाहेर, त्यांतल्या एकीत आवडीचे बाबा. बाहेर समुद्र खवळायला लागला होता. गुरुजी निघाले. त्यांचा हात धरायला आवडी, ओढणीखाली दोरी घेऊन, आणि वल्ह्यावर आवडीची आई, रखमा. किनाऱ्यावर एकोणतीस पोरं उभी राहून जीव तोडून वळणं म्हणायला लागली. त्यांच्या सुरात सूर मिळवून गुरुजी म्हणू लागले. एक वळण झालं, पाच झाली, दहा झाली. मग पोरांचा आवाज धुक्यात विरला. आणि गुरुजी थांबले.

तेही अडले होते, बरं का. गेल्या माघापासून ते पोरांच्या सुरातच म्हणत आले होते, एकट्यानं म्हटलंच नव्हतं. पुढे काय, ते त्यांना आठवेना. होडी पाण्याच्या ओढीला लागली आणि सासूच्या दाताकडे सरकायला लागली. रखमानं वल्हं उलटं रोवून धरलं, पण होडी थांबेना.

मागून बारीक आवाज आला, "आई, उजवीकडे दोन. मग सरळ पाच."

रखमानं वल्हं मारलं. खडक अंगाला घासून गेला, पण होडी निसटली. मग आवडी सांगत गेली आणि आई वल्ही मारत गेली. पार खाडीच्या तोंडापर्यंत. तिथे बारा होड्या एकमेकींना बांधून उभ्या होत्या. परतताना आवडीनं दोरी दुसऱ्या टोकानं धरली, डाव्याचं उजवं केलं. गुरुजींनी शंख फुंकला. सगळे घरी आले. बाबांनी आवडीला असं उचललं, की तिचे पाय कितीतरी वेळ जमिनीला लागलेच नाहीत.

गुरुजींनी तिला जवळ बोलावलं. हे कसं आलं म्हणून विचारलं. तिनं भीत भीत दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेका गाठीवरून बोटं फिरवली. सातवी, आठवी, अकरावी. मग त्यांचे डोळे भरून आले.

"माझी आई हे माझ्या पाठीवर वाजवायची," ते म्हणाले. "निजताना. डावं वळण डाव्या खांद्यावर, उजवं उजव्या. मी असा शिकलो होतो, आवडे. आणि जन्मभर पोरांना भिंतीकडे बसवत आलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांची तोंडं भिंतीकडून वळवली. कासविणीचाच प्रश्न एकेकाला विचारला. मग कुणी वाट वाळूत पळून शिकलं, कुणी रांगोळीत काढून. कुणी जुन्यासारखंच म्हणून शिकलं, पण एकट्यानं. एका बडबड्यानं तर आपल्या शेळीला शिकवलं. शेळीला आली की नाही माहीत नाही, त्याला मात्र आली. कुणाला चार दिवस लागले, कुणाला चार महिने. गुरुजी म्हणाले, लागू देत. पुढे धुक्यात जायला बेटावर एक सोडून तीस जणं झाली, आणि म्हातारे गुरुजी पायरीवर ऊन खात सुखानं बसू लागले.

माझी आजी मला अशीच थोपटायची. तिचा चेहरा आता धड आठवत नाही मला. किती प्रयत्न केला तरी येत नाही. पण तिचा हात आठवतो. हा बघा, असा. सात सरळ. आता डावा खांदा, तीन. आता उजवा.

एकविसावं वळण या घरात अजून कुणी जागेपणी ऐकलेलं नाही. सगळ्या होड्या घरी आल्या. आता तुम्हीही या.