शेवंताचा अर्ज

"वस्ताद, खरं सांगा, हे मोबाइलवरचं अर्ज-फिर्यादीचं समदं थोतांड हाय का न्हाई?"

शिदू पैलवान तालमीच्या दारातनंच वरडला.

म्हातारा दौलू वस्ताद हौद्यातल्या मातीवर ताक शिंपडत व्हता. त्येनं मान बी वर केली न्हाई.

"चपला काढ आधी."

शिदूनं चपला भिरकावल्या. डोस्कं तापलेलं. तापणारच की! वाडीचा सरकारी दवाखाना दोन वर्सं कुलपात. नर्स न्हाई, गोळी न्हाई. आन् धाकटी बहीण शेवंता पयल्या बाळंतपणाला म्हायेराला आलेली, आठवा सरत आलेला. तालुक्याचा दवाखाना सव्वीस किलोमीटर, मधी घाट. गेल्या साली शेजारच्या कोंडाबाईची सून बाळंतपणाला नेताना त्या घाटातच गेली, जीपगाडीत.

"महिना झाला नेटवर अर्ज टाकून," शिदू म्हणाला. "लोकांनी सह्या केल्या की अर्ज थेट जिल्ह्याच्या सायबाकडं जातोय म्हणं. चार हजार लोकांनी बघितला. अंगठं दावलं, टाळ्या दावल्या. सह्या किती? अकरा! त्यातली एक माझीच. आता जातो आन् त्या सायबाला टेबलासकट उचलून आपटतो."

"वाच, काय लिवलंस."

शिदूनं छाती फुगवली.

"तालुका चॅम्पियन, तीन चांदीच्या गदांचे मानकरी, पैलवान शिदू मगदूम यांचे सायबास जाहीर आव्हान! आठ दिवसांत दवाखाना उघडा, न्हाईतर गाठ माझ्याशी! ...खाली माझा फेट्यातला फोटू हाय."

"आन् शेवंताचं काय लिवलंस?"

"तिचं काय लिवायचं? तिला काय कळतंय त्यातलं?"

"पोट कुणाचं हाय?"

शिदूनं मोबाइल खिशात घातला.

"शड्डू ठोक," वस्ताद म्हणाला.

"आँ?"

"ठोक म्हणतो न्हवं!"

शिदूनं मांडीवर असा शड्डू ठोकला की वरचा पत्रा हादरला. जोर मारणारे गडी थांबले, माना वळवून बघाय लागले. "वा, पैलवान!" एकजण म्हणाला.

"बघितलं किती जणांनी?"

"समद्यांनी."

"जवळ किती आले?"

"...कुणी न्हाई."

मग वस्तादानं जे केलं ते त्या तालमीत कुणी कधी बघितलं नव्हतं. उभ्या जन्मात ज्याची पाठ कुणी मातीला लावली न्हाई, तो म्हातारा आपल्या आपण मातीत उताणा झाला. डोळं वर आढ्याला.

"आरं, उठवा रं कुणीतरी. मला एकट्याला जमंना..."

समदे धावले. हातातलं टाकून धावले. कुणी मानंखाली हात घातला, कुणी कंबर धरली. शिदू समद्यांच्या म्होरं.

वस्ताद उभा राहिला. पाठ सारी मातीनं लाल. त्येनं शिदूकडं नुसतं बघितलं...

शिदू तसाच अनवाणी घरला गेला. शेवंता भाकऱ्या थापत व्हती.

"शेवंते, तू सांग. मी लिवतो."

"मी काय सांगू दादा? मी काय पैलवान हाय व्हय?"

"न्हाईस. म्हणून तर."

तव्यावरची भाकरी करपली. मग ती बोलली.

शिदूनं अर्जातनं फोटू काढला, गदा काढल्या, धमकी काढली. ती बोलली तेवढंच ठेवलं.

"मी शेवंता. मला नववा लागलाय. दवाखाना आमच्या दारापासनं साठ पावलांवर हाय. भांडी घासताना मला त्येचं कुलूप दिसतंय. मला घाटात मरायचं न्हाई. तेवढं कुलूप काढाय मदत करा."

नव्या अर्जावर पयली सही कोंडाबाईची. लिवता येत न्हाई, तर शिदूकडनं लिवून घेतलं: "माझी सून घाटात गेली. तिचं नाव पारू."

मग काय! एकीचं बघून दुसरी बोलाय लागली. पुण्यातले रिक्षावाले, सीमेवरचे जवान, वाडीचं नाव बी न ऐकलेल्या लातूरकडच्या बाया. सहा दिसांत नऊ हजार! सायबाचा फोन खाली ठेवला की वाजायचा.

सातव्या दिशी सायेब आला. संगं नर्सबाई, औषधांचं खोकं. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरंना. सायबानं शिदूकडं बघितलं. शिदूनं कोंडाबाईकडं बघितलं. म्हातारीनं घरातनं वरवंटा आणला, आन् असा हाणला की कुलूप सायबाच्या बुटावर पडलं!

बाया नाचल्या. कोंडाबाई तेवढी रडली.

पंधरा दिसांनी शेवंता साठ पावलं सवताच्या पायानं चालत गेली.

शिदू गुळाची ढेप घेऊन तालमीत घुसला.

"वस्ताद, पोरगी! पोरगी झाली! दोघीबी खणखणीत! आता वढ्यावर फरशीपूल बांधायचा अर्ज टाकतोया. कोंडाबाई बोलणार, मी लिवणार. पर वस्ताद... तुमास्नी तर मोबाइल सुलटा धरता येत न्हाई. ही विद्या तुमाला कुणी शिकवली?"

वस्तादानं गुळाचा खडा तोंडात टाकला.

"पोरीनं जन्मल्या जन्मल्या काय केलं रं?"

"काय करणार? बोंबलली! समदी वाडी दारात गोळा झाली."

"मग तिला कुणी शिकवलं?"