कळकलेल्या तोंडाची कहाणी

ऐक गं रुचाई, चवीच्या देवी, तुझी कहाणी. अन् बायांनो, तुम्हीही ऐका. अक्षता मुठीत घट्ट धरा, कुजबूज पुरे.

आटपाट नगर होतं, नगरात तांबटआळी होती. तिथं म्हाळसाबाई तांबटीण राहत होती. घरची भांडी अशी लखलखीत, की त्यांत बघून कुंकू लावावं. त्या भांड्यांचा तिला कोण तोरा! मग तिची सून येसू गरोदर राहिली.

सासूनं आमटी वाढली. येसूनं घास घेतला, तोंड वाकडं केलं. म्हणाली, "आत्याबाई, आमटी कळकली." तांबटाच्या घरी कळकली! म्हणजे कल्हई उडाली, पितळ अन्नात उतरलं. सासूच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी उठली, पातेल्याला कल्हई लावून घेतली. मग कढी केली. "आत्याबाई, कढीही कळकली." मग कोरं पातेलं काढलं, खीर केली. "आत्याबाई, रागावू नका, खीरही कळकली."

सासू कडाडली, "अगं, आळीत कुणी ऐकलं तर धंदा बसेल! माझ्या भांड्यांना नावं ठेवतेस? ताटातलं संपव, नाहीतर पाटावरून उठायचं नाही!" येसूनं काय करावं? गिळलं तर उलटून पडे, न गिळलं तर बोलणी बसत. पोर वाळत चालली. पोटातल्या जिवाला काय पोचणार, कपाळ? सगळ्यांना भांड्याची काळजी, पोरीची कुणालाच नाही! माझा तर बाई, सांगतानासुद्धा जीव जळतो.

मग रुचाईला राग आला. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, दारात आली. "बाई बाई, पाणी दे." म्हाळसाबाईनं दिलं. म्हातारी प्याली, उरलेलं तिच्याच हातावर ओतलं. "तीर्थ म्हणून घे." सासूनं घेतलं, अन् तोंडात तांब्याचा पैसा धरल्यागत झालं. भात खाल्ला, कळकला. ताक प्याली, कळकलं. शेवटी गुळाचा खडा तोंडात टाकला. थू थू थू! "अगं बाई, गूळसुद्धा कळकला!"

म्हातारी म्हणाली, "गूळ तुझ्या कोणत्या पातेल्यात शिजला?"

सासूनं थुंकलेल्या खड्याकडे पाहिलं.

"भांडं नाही गं, तोंड कळकतं. गरोदरपणी असं होतं, त्याला कल्हई नाही. तुझ्या वेळी तुला काय खावंसं वाटलं होतं?"

"कुणी विचारलंच नाही," सासू म्हणाली, अन् तिनं पदर डोळ्यांना लावला.

"मग तू तरी विचार!"

"आई, चुकले. मला वसा सांग."

"रोज विचारावं, काय खातेस? मिळेल ते द्यावं. तिनं ताट सारलं तर रुसू नये, फुगू नये, भांड्यांवर घेऊ नये." एवढं बोलून रुचाई गुप्त झाली. सासूचं तोंड ताळ्यावर आलं.

मग ती येसूजवळ बसली. "पोरी, काय खावंसं वाटतं?" येसू चाचरली. म्हणाली, "समोरच्या कोष्टिणीच्या मडक्यातली अंबाडीची भाजी."

ऐकलंत? तांबटिणीनं मडक्यातली भाजी मागायला जायचं, भर दुपारी, सगळी आळी बघत असताना! पण वसा घेतला होता. वाटी पदराआड धरली, कोष्टिणीच्या दारात उभी राहिली. कोष्टीण म्हणाली, "का हो म्हाळसाबाई, पातेली झिजली वाटतं?" सासूनं ओठ चावला. म्हणाली, "झिजू देत. पोर उपाशी आहे. वाढ." येसूनं वाटी पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सासूनं आपण होऊन तीच भाजी आणली. येसू म्हणाली, "अगबाई, वासही नको!" म्हाळसाबाईच्या ओठांवर बरंच आलं होतं. सगळं गिळलं. म्हणाली, "बरं, मग काय खातेस?"

असं विचारता विचारता महिने भरले. येसू सुखरूप बाळंत झाली, गुटगुटीत लेक झाली.

रुचाई तिथं पावली, तशी आपल्या घरीही पावो. गरोदर लेकीसुनांची ताटं चाटूनपुसून परत येवोत, अन् नाही आली तर तुमची तोंडं बंद राहोत. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. टाका अक्षता, अन् जा, घरी जाऊन विचारा.