रानातल्या सवती

पूर्वी चंपकनगरीवर दृढधनू महाराजांचे राज्य असताना बोधिसत्त्व त्यांच्या दरबारी शीलगुप्त नावाचे अमात्य होते.

महाराजांना शिकारीचे भारी वेड. मनात आले की नगारा वाजे, आणि खेड्यांतील माणसांना नांगर सोडून जनावरे उठवायला रानात पळावे लागे. पेरण्या बुडू लागल्या, तसे लोक राजवाड्यासमोर ठाण मांडून बसले. मोठ्या जनावरांची शिकार कोणत्या दिवशी सुरू होणार ते कायद्याने ठरवा, म्हणाले. महाराजांनी ते काम अमात्यांवर सोपवले.

सर्वांत आनंद झाला तो कुंभकाला. कुंभक हा राजाचा मुख्य पारधी. मोसमातल्या पहिल्या हत्तीचा एक सुळा पारध्याचा आणि दुसरा अमात्यांचा, असा त्या राज्यात जुना मान होता. कुंभकाने सुळा टांगायला ओसरीवर खुंटीही ठोकून ठेवली. त्याची बायको रेवती म्हणाली, "बाजारात तुरी!" आणि तिने खुंटीला दुधी भोपळा टांगला.

त्या दिवसांत राणी गरोदर होती. घरात गरोदर बाई असताना घरधन्याने जीव मारू नये, असा तिथला रिवाज, म्हणून महाराज हात चोळत बसले होते. "बाळंतपण झाले की दुसऱ्या दिवशी मोसम सुरू," ते म्हणाले.

"रिवाज आहे तोच कायदा करू," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले. "पण महाराज, रानाचे धनी कोण?"

"आम्हीच!" महाराजांनी मिशीला पीळ दिला.

"मग रानात गरोदर असणाऱ्यांचेही घरधनी आपणच. रानात एकही मादी गाभण नसेल, त्या दिवशी मोसम सुरू."

"एवढेच ना? लावा मुद्रा!"

कुंभकालाही वाटले, फार तर पंधरवड्याचा प्रश्न. रानात जाऊन खबर आणायचे काम त्याच्याकडे आले आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले. सांबरी व्याल्या, तोवर चितळी गाभण राहिल्या. चितळी मोकळ्या झाल्या म्हणावे, तर गव्यांच्या कळपात दोघी-तिघी जड पावलांनी चालताना दिसल्या. आणि तळ्याकाठची ती थोरली हत्तीण तर पोट घेऊन नुसती उभी होती. हत्तिणीचे दिवस भरायला पावणेदोन वर्षे लागतात हे आठवले, तेव्हा कुंभकाने कपाळावर हात मारला.

त्यात राणीचे डोहाळजेवण आले. राणीने कायदा ऐकला होता. ती महाराजांना म्हणाली, "रानातल्यांचे घरधनी तुम्ही, म्हणजे त्या माझ्या सवतीच की! माझी ओटी भरणार, आणि त्या कोरड्या राहणार? लोक काय म्हणतील?"

महाराजांनी रानातल्यांचीही ओटी भरण्याचा हुकूम सोडला. खण, नारळ, तांदूळ घेऊन कुंभक रानात निघाला. ओटी सवाष्णीने भरायची, म्हणून रेवतीही बरोबर होती.

तळ्याशी पोचताच कुंभक झाडामागे गेला. आजवर त्याने हत्ती पाहिला तो बाणाच्या टोकावरून. ओटीचे ताट घेऊन हत्तीसमोर जायचे कसे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

"घाबरता काय?" रेवती म्हणाली. "अवघडलेली बाई कुणाच्या अंगावर धावून येते होय?"

रेवतीने दुरून पदर सावरून तांदूळ वाहिले. हत्तिणीने ते फुंकरीने उडवले, नारळ पायाखाली फोडून खाल्ला, आणि खण थोडा वेळ सोंडेत धरून मग तोही खाल्ला. रेवतीने नवऱ्याला ओढून पुढे आणले आणि त्याचा हात त्या भल्यामोठ्या कुशीवर ठेवला. आतून एक लाथ बसली. कुंभक मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायलाही त्याला सुचले नाही.

"आता ही तुमची बहीण," रेवती म्हणाली.

राणीला मुलगा झाला. महाराजांनी त्याच दुपारी भिंतीवरचे धनुष्य उतरवून हातात घेतले. "अमात्य, तारीख सांगा. दोन्ही सुळे तुमचे!"

"महाराज, तारीख तर रानाकडे आहे. सुळे मला नकोत. खोटी तारीख हवी असेल, तर आधी माझे पद काढून घ्या."

महाराज लाल होऊन कुंभकाकडे वळले. "तू सांग! रानात कोणी गाभण नाही, एवढेच म्हण. दोन्ही सुळे तुझे. आणि नाही म्हणालास, तर उद्यापासून तू पारधी नाहीस!"

पारध हे कुंभकाचे बापजाद्यांचे काम, त्याखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते.

"महाराज," तो म्हणाला, "बहिणीचे दिवस अजून भरले नाहीत. ती मोकळी झाली असे कसे म्हणू?"

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. महाराजांनी हातातले धनुष्य खाली ठेवले. मग ते कुंभकाला म्हणाले, "पारधी राहू नकोस. रानाचा राखणदार हो. आणि तिचे दिवस भरले की आम्हाला कळव, बारशाला येऊ."

ती तारीख त्या राज्यात कधीच उगवली नाही. पेरण्या मात्र वेळेवर झाल्या.

एवढी गोष्ट भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, जेवणाची घंटा होण्याआधीच पात्र घेऊन उभा राहणारा हा तिष्य, तोच त्या वेळचा राजा. कुंभक म्हणजे हा अबोल नंदिक, आणि रेवती म्हणजे तुम्हाला रोज भात वाढणारी उपासिका. तो अमात्य मीच होतो. कायदा मी केला खरा, पण रान राखले नंदिकाने. दुसऱ्याच्या लेकराची हालचाल ज्याच्या हाताला कळली, त्याचा हात पुन्हा उठत नाही. जीवमात्राविषयीच्या या मायेलाच मैत्री म्हणतात."