मनुकांचं पाणी आणि शमुवेलरावांची शिकवण

शांतवनबाबांचा मुक्काम त्या वर्षी प्रवरेकाठच्या बोरटेकडीला होता. बाबा दीक्षा घेतलेले पाळक, पण गावोगाव पायी हिंडायचे आणि चर्चच्या ओसरीवर कांबळं अंथरायचे. बोलणं गोड. चुकीची शिकवण कानावर आली, की मात्र त्याच जिभेला धार चढायची.

बोरटेकडीच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच होते शमुवेलराव. घराणं मोठं, आवाज त्याहून मोठा. गावाला कायमचे पाळक नव्हते, म्हणून उपदेश यांचाच. अंगावरची व्याधी म्हणजे देवाने दिलेला मार, आणि तो ज्याच्या अंगावर दिसतो त्याने प्रभुभोजनाच्या पात्राला ओठ लावायचा नाही, असं त्यांनी लोकांना शिकवून ठेवलं होतं. आणि मंडळी माना डोलवायची! पंच, हे प्रभूने कधी सांगितलं, असं एकानेही विचारू नये?

हा मार 'दिसला' होता एका शेवंताबाईच्या अंगावर. गरीब विधवा, हातांवर आणि ओठांवर कोड आलेलं. ज्यांच्या अंगावर गर्व होता, त्यांचा डाग कोणाला दिसत नव्हता.

रविवारी सकाळी बाबांनी तिला चर्चच्या पायरीवर बसलेलं पाहिलं.

"लेकी, आत चल. आज प्रभुभोजन आहे."

"मी इथंच बरी, बाबा. देवाचा राग आहे माझ्यावर." भाकरी करपली म्हणावं, तितक्या साधेपणाने ती म्हणाली. "आता प्रार्थनाबी करत नाही मी. रागावलेल्याला सारख्या हाका मारून आणखी चिडवायचं कशाला?"

बाबांचे डोळे भरले, आणि दुसऱ्याच क्षणी पेटले. ते तरातरा आत गेले.

आत शमुवेलराव मनुकांचं पाणी फडक्याने गाळत होते. प्रभूच्या आठवणीत भाकर खायची आणि एकाच पात्रातून द्राक्षरस प्यायचा, हे प्रभुभोजन; पण गावात द्राक्षरस मिळत नसे, म्हणून मनुका भिजवून तो करायची रीत. बाबा शेवंताबाईला बोलावणार हे ओळखून पंचांनी मुद्दामच मूठभर मनुका भिजवल्या होत्या. पात्र मागच्या रांगेपर्यंत पोचायलाच नको!

"शमुवेलराव, त्या बाईला देवाचा राग कोणी शिकवला?"

"बाबा, शिकवणीचं काय घेऊन बसलात? मंडळीत एकोपा आहे, तो राहू द्या."

"एकोपा? तिला पायरीवर बसवून?" बाबा गरजले. "विहिरीत कुत्रं मरून पडलंय आणि तुम्ही म्हणता, पाणी भरा, भांडू नका! शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कोणाचं म्हणून. प्रभूने काय उत्तर दिलं? ना याचं, ना याच्या आईबापांचं! उपदेशाला उभे राहता, आणि एवढं ठाऊक नाही?"

शमुवेलराव कुत्सित हसले. "बोलवा तिला. रस एवढाच आहे. तिला पाजा, आणि बाकीच्यांना रिकामं पात्र चाटू द्या!"

बाबा बाहेर गेले आणि शेवंताबाईचा हात धरून तिला आत घेऊन आले. प्रार्थना झाली, भाकर मोडली गेली. मग बाबांनी पात्र उचलून सगळ्यांत आधी तिच्या ओठांना लावलं. "घे लेकी. तुझ्यासाठीही सांडलं आहे प्रभूचं हे रक्त."

ती घाबरत घाबरत प्यायली. मग पात्र मागच्या रांगेतून पुढे निघालं. कोणी कचरत घोट घेतला, कोणी डोळे मिटून. पण रस काही कमी होईना! बाया एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. अहो, सगळी मंडळी प्यायली, आणि शेवटी शमुवेलरावांसमोर आलं तेव्हा पात्र काठोकाठ भरलेलं!

ही गोष्ट सांगितली, की मला बाया विचारतात, मग देवाने तिचं कोड का नाही हो बरं केलं? अगं बायांनो, बरं केलं असतं तर शमुवेलराव म्हणाले असते, बघा, आता राग गेला! ते कोड तिच्या अंगावर मरेपर्यंत राहिलं, आणि देवाची माया त्याच्यासकट राहिली.

शमुवेलराव पात्राकडे बघत राहिले. ते गुडघ्यांवर आले.

"बाबा, मी देवाच्या नावावर खोटं शिकवलं."

"माझ्यापुढे कशाला वाकता?" बाबा म्हणाले. "ज्या बाईची प्रार्थना तुम्ही बंद पाडलीत, तिला सांगा."

शमुवेलराव वळले. शेवंताबाईच्या पायांशी डोकं टेकून म्हणाले, "बाई, मला क्षमा करा. आणि हे पात्र... तुमच्याच हातानं द्या."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पात्र तिच्या हाती दिलं. ती खाली बसली, तिने ते शमुवेलरावांच्या ओठांशी नेलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून प्रार्थनेचे शब्द निघाले, "देवा, बापा..."