सांतानच्या भट्टीची भेग

काका, पैज लावता? या भट्टीत डोकं घाला आणि दहा आकडे मोजा. घातलं? अरे, तीनवरच बाहेर! का, कोणी कानात फुंकलं? घुमटाला ती आडवी भेग दिसली ना, ती भर मे महिन्यातही ओली असते.

आमच्या वाडीचे पास्कूबाबा सांगतात, ही भट्टीपण पैजेवरच उभी राहिली. सांतान पाववाला इनास गवंड्याला चारचौघांत म्हणाला, "इनासमामा, तीन दिवसांत भट्टी बांधलीस तर माझी मिशी उतरवीन." इनासला त्याच्या मिशीचं काय लोणचं घालायचं होतं? पण लोक हसले आणि हा पेटला.

नदीची गोडी वाळू आणायला होडीने दोन दिवस लागायचे. इनासने समोरच्या समुद्रकिनाऱ्यावरचीच भरली. धुतलीसुद्धा नाही. चुना चांगला, गूळपाणी बरोबर, वाळू तेवढी खारट, आणि खाऱ्या वाळूत चुना घट्ट धरत नाही. तिसऱ्या दिवशी भट्टी उभी, सांतानची मिशी साफ.

सांतान कामात मात्र पक्का. नवी भट्टी एकदम तापवत नाहीत. सात दिवस त्याने नुसत्या काटक्या जाळल्या, ओणवा होऊन फूऽऽ फूऽऽ फुंकत. काटक्या वेचायला त्याची पोरगी रेमेत. आठव्या दिवशी पहिला पाव सरकवायला तो आत वाकला आणि घुमट अंगावर आला. वाचला नाही.

लोकांनी विचारलं तर इनास म्हणाला, "पहिल्याच दिवशी ओंडके घातले त्याने. मी काय करणार?"

रेमेत ओरडत होती, "काटक्याच होत्या!" पण पोरीचं ऐकतो कोण? मेलेला बाप अडाणी ठरला, तिच्या हातचा पाव कोणी घेईना.

मग इनासने भट्टी पुन्हा बांधून दिली म्हणे. एकदा नाही, तीनदा, गोड्या वाळूने. तिन्ही वेळा त्याच जागी भेग. आणि आत विस्तव नसताना आवाज. फूऽऽ. फूऽऽ. काटक्या पेटवताना माणूस फुंकतो ना, तसा हळू. भरदुपारी यायचा, आणि इनास जिथे असेल तिथे त्याला ऐकू जायचा.

शेवटी सणाच्या सकाळी, सगळी वाडी चर्चमधून बाहेर पडत असताना, इनास इथे आला. गुडघ्यावर बसला. भेगेला जीभ लावली. खारट लागली. मग रेमेतकडे बघून तो बोलला.

आजही आमच्याकडे कोणी भट्टी बांधायला काढली, की गवंडी आधी सगळ्यांसमोर चिमूटभर वाळू चाटतो आणि इनासचे तेच शब्द म्हणतो. मीपण तेव्हा दात काढत नाही, काका.

"सांतानने काटक्याच जाळल्या. वाळू माझी होती."